वहनव्यय

रात्री नऊला वायरमन खालकरनं
सायखेड्याच्या डीपीचे तिन्ही फ्यूज काढले,
रुमालात बांधून माझ्या हातात दिले.
"सांभाळा साहेब, गरम आहेत अजून."

आज पाणी खाली जायचंय.
दारणेतून सुटलंय, गंगापुरातूनही.
आदेशात लिहिलंय किती, कुठपर्यंत,
आणि मधे कुणी हात लावायचा नाही.
बंधाऱ्याच्या फळ्या काढून काठावर रचल्यात,
शेवाळलेल्या, खडूनं नंबर टाकलेल्या,
परत बसवताना क्रम चुकू नये म्हणून.

मी पुलाच्या खांबावरची पट्टी वाचतो
दर तासाला, बॅटरीच्या उजेडात.
दहाला एक मीटर दहा.
अकराला एक वीस.

दुपारी मोटारींना सील ठोकताना
बोरस्ते आजोबा विचारत होते,
"लाख वापरता का, पोस्टातल्यासारखी?"
म्हटलं, शिसं असतं.
"तरीच," ते म्हणाले,
"पाकीट निदान ज्याच्या नावचं त्यानं फोडायचं असतं."

पाण्यावर कुणाचं नाव आहे?
शहराचं आहे. सातपूरच्या कारखान्यांचं,
एकलहऱ्याच्या बॉयलरचं,
सातबारा जोडून अर्ज केलेल्या कालव्यावरच्यांचं,
आणि आजच्या रात्रीपुरतं
मी कधी न पाहिलेल्या मराठवाड्यातल्या एका नळाचं.
त्या नळाखालची कळशी मला दिसते.
तिला मी नाही म्हणू शकत नाही.
आजोबांच्या छाटणी झालेल्या बागेला
दुपारी म्हणून आलो.

साडेबाराला उसामागून इंजिनाचा आवाज.
वर गोणपाटं टाकलीत,
तरी डिझेलचा खोकला लपत नाही.
कुणाचं आहे ते मला आवाजावरून कळतं,
वीस वर्षं ऐकतोय.
होमगार्डची पोरं खुर्चीत पेंगतायत.
मी उठतो, अंधारात चपला शोधतो.
सावकाश शोधतो.

वहीत एक रकाना आहे: वहनव्यय.
वाटेत जिरतं, उडतं, हरवतं ते.
ऊन, वाळू, पाणवेली,
धुणी, म्हशी,
आणि चपला सापडेपर्यंतचा वेळ.

पहाटे भूजलच्या तडवी मॅडम आल्या.
त्यांचं ऑफिस वेगळं, खातं वेगळं,
टेपसुद्धा वेगळी, पोलादी, टोकाला खडू फासलेली.
काठापासून चाळीस पावलांवर त्यांची निरीक्षण विहीर.
टेप सोडली, वर ओढली,
खडू भिजला होता तिथं बोट ठेवलं.
"परवा सात दहा होतं. आज सहा साठ."
मला वाटलं, चुकलं काहीतरी.
त्यांनी न बोलता पुन्हा सोडली.
सहा साठ.

म्हणजे रात्रभर मी वर पहारा देत होतो
आणि नदी खालून
मुरुमातल्या भेगा धरून
विहिरीविहिरीत शिरत होती,
माझ्या नाकाखालून म्हणावं तर
माझ्या पायाखालून.
तिला सील कुठं ठोकायचं?
मी नदी मोजतो, मॅडम विहीर मोजतात,
दोन वह्या, दोन सचिव,
आणि एकच पाणी
बदलीच्या ऑर्डरशिवाय
या टेबलावरून त्या टेबलावर.

"तुम्ही काय लिहिणार?" मी विचारलं.
"चढ. अर्धा मीटर. तुम्ही?"
"घट."
त्या हसल्या नाहीत.
टेप पदरानं पुसली, गुंडाळली,
पुढची विहीर चांदोरीला होती.

आठला खालकर आला फ्यूज न्यायला.
रुमाल सोडला तर गार पडलेले,
दंवानं ओले.
त्यानं शर्टाला पुसले, एकेक.
"किती गेलं मग, साहेब?"

मी पट्टीकडे पाहिलं,
मग बोरस्त्यांच्या विहिरीच्या कठड्याकडे,
जिथं आजोबा वाकून आत बघत होते
आणि मागे वळून मुद्दाम
माझ्याकडे बघत नव्हते.

"खाली," मी विचारलं,
"का बाजूला?"